संगणकात नवी सिस्टीम टाकण्यापूर्वी किल्ल्या सांभाळा

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि शिरूर, दौंडसारख्या तालुक्याच्या बाजारपेठांतही खातेवहीची जागा संगणकाने घेतली. 14 ऑक्टोबर 2025 रोजी 'विंडोज 10' ला कंपनीचा नेहमीचा पाठिंबा संपला. तेव्हापासून जुन्या संगणकात नवी सिस्टीम टाकून घेण्याची कामे निघाली आहेत. हे काम दुरुस्तीवाल्याच्या हाती देण्यापूर्वी दोन किल्ल्यांची माहिती प्रत्येक व्यापाऱ्याला असावी, असे आम्हास वाटते. नावे सारखी असल्याने दोहोंची गल्लत होते आणि त्यातच नुकसान होते.

पहिली किल्ली 'सिक्युअर बूट'ची. बँकेत चेक गेला की कारकून त्यावरील सही नमुना सहीशी ताडून पाहतो. संगणकही बटण दाबताच तेच करतो. सुरू होऊ पाहणाऱ्या प्रोग्रामवर मान्य कंपनीची सही आहे की नाही ते पाहतो, नसेल तर त्याला आत घेत नाही. हेतू हा की, सिस्टीम सुरू होण्याआधीच एखादा व्हायरस घुसू नये. 2012 साली 'विंडोज 8' बरोबर ही पद्धत बाजारात रुळली.

यासाठी संगणकाच्या बोर्डावरच चार नोंदी ठेवलेल्या असतात. मान्य सह्यांची यादी ती 'डीबी'. रद्द सह्यांची यादी ती 'डीबीएक्स'. या याद्यांत फेरफार करण्याचा अधिकार 'केईके' किल्लीला, आणि सर्वांवर मालकीची किल्ली ती 'पीके'. 'पीके' पुसली गेली तर तपासणी बंद पडते आणि कोणीही आपली सही त्या यादीत घालू शकतो. म्हणून बायोसमध्ये 'क्लिअर सिक्युअर बूट कीज' हा पर्याय उगाच दाबू देऊ नये.

दुसरी किल्ली 'बिटलॉकर'ची. ही 48 आकडी असते, सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत. अनेक नव्या संगणकांत, विशेषतः लॅपटॉपमध्ये, डिस्कवरील सर्व मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पण सिक्युअर बूट बंद केले किंवा त्याच्या किल्ल्या बदलल्या, की संगणकाला परक्या हाताचा संशय येतो आणि तो हे 48 आकडे मागतो. ते नसतील तर डिस्क दुसऱ्या मशीनला जोडूनही हिशेब वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीही हरवलेली किल्ली नव्याने देऊ शकत नाही.

ही किल्ली बहुधा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, ज्या खात्याने संगणक प्रथम सुरू केला. आमच्याकडे हे खाते अनेकदा दुकानदाराचे नसतेच. ते पुतण्याचे असते, नाहीतर मशीन विकणाऱ्या पोऱ्याचे. दुकान आपले आणि तिजोरीची चावी दुसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार होतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम हिशेबाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि दुसऱ्या संगणकावर तो उघडून पाहावा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात, हे विसरू नये. मग 48 आकडे कागदावर उतरवून तो कागद बिलबुकांत नव्हे, तिजोरीत ठेवावा. त्यानंतर सेटिंग्जमधून कुलूप रीतसर काढावे. 'सिस्टीम इन्फर्मेशन' मध्ये 'सिक्युअर बूट स्टेट' पाहून आज काय स्थिती आहे ते लिहून ठेवावे. एवढे झाल्यावरच डिस्क पुसू द्यावी.

आणखी एक गोष्ट. संगणकांतील मायक्रोसॉफ्टची मूळ प्रमाणपत्रे 2011 सालची असून त्यांची मुदत जून आणि ऑक्टोबर 2026 अशी आहे. त्यांच्या जागी 2023 ची प्रमाणपत्रे आली. मुदत सरल्याने मशीन लगेच बंद पडत नाही, पण सुरू होण्याच्या टप्प्यावरील पुढचे संरक्षण मिळत नाही. म्हणून संगणक कंपनीचे बायोस अपडेट आधी करून घ्यावे. नाहीतर 'फॅक्टरी कीज' परत आणताना जुनीच यादी येते आणि नवी सिस्टीम अडू शकते. वर्षानुवर्षे वापरलेला जुना पेन ड्राइव्हही चालवू देऊ नये, ताजा बनवून घ्यावा.

लिनक्स टाकणाऱ्या कारागिरांनीही सिक्युअर बूट बंद करण्याची घाई करू नये. उबुंटूसारख्या सिस्टीम मान्य सहीसह येतात आणि ते चालू ठेवूनच बसतात.

सिस्टीम पुन्हा टाकता येते, मशीनही नवे घेता येते. गिऱ्हाइकांच्या उधारीची वही मात्र पुन्हा लिहिता येत नाही. दुरुस्तीवाला कितीही विश्वासाचा असो, 48 आकडे आपल्या हातात आल्याशिवाय त्याला काम सुरू करू देऊ नये.