पश्चिम किनाऱ्याचे नऊ हंगाम आणि त्यानंतर

२००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत भारतीय क्लब फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद एकदाही कोलकात्याला गेले नाही. आठ वेळा ते गोव्यात आले, एकदा मुंबईत. त्याआधीच्या आठांपैकी सहा विजेतेपदे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनी आपसांत वाटून घेतली होती. त्यामुळे हा पालट त्या काळी अनेकांना योगायोग वाटला. नऊ वर्षे टिकलेल्या गोष्टीला योगायोग म्हणणे कठीण आहे.

राष्ट्रीय फुटबॉल लीग डिसेंबर १९९६ मध्ये सुरू झाली आणि पहिले विजेतेपद पंजाबच्या जेसीटीने मिळवले. १९९८-९९ मध्ये साळगावकर हा ती जिंकणारा गोव्याचा पहिला क्लब ठरला. २००७ पासून याच स्पर्धेची आय-लीग झाली. नाव बदलले, संघ बहुतेक तेच राहिले. धेंपो आणि साळगावकर हे खाण उद्योगातल्या घराण्यांचे क्लब, तर चर्चिल ब्रदर्स आलेमाव कुटुंबाचा. प्रेक्षक आणि तिकीटविक्री यांच्या बळावर यातला एकही क्लब उभा नव्हता. मालकाची हौस आणि त्याचा खिसा, हाच खरा आधार होता. तो किती काळ पुरेल हा प्रश्न भरभराटीच्या दिवसांत फारसा कोणी विचारला नाही.

या पर्वाचा कणा धेंपो हा क्लब होता आणि धेंपोचे प्रशिक्षक होते आर्मांदो कुलासो. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ही पाचही विजेतेपदे त्यांच्याच हाताखाली आली. समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा आणि नंतर महेश गवळी अशी गोव्याची मुले वर्षानुवर्षे एकत्र खेळली. पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो. हंगाम संपला की अर्धा संघ मोडायचा, ही भारतीय क्लबांची जुनी खोड कुलासोंनी धेंपोला लागू दिली नाही. त्यांच्या डावपेचांविषयी मतभेद असू शकतात. संघ टिकवून धरण्याच्या त्यांच्या हातोटीविषयी नाहीत. २००८ मध्ये धेंपोने एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली, ती याच संचाच्या जोरावर.

यातले पहिले विजेतेपद एका मृत्यूच्या सावटाखाली मिळाले. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध गोल करताना धेंपोचा ब्राझीलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर गोलरक्षक सुब्रत पाल याच्यावर आदळून कोसळला आणि त्याचे निधन झाले. पालवर निलंबनाची कारवाई झाली. धेंपोने १० क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. गोलरक्षकाचा हेतू काय होता यावर नंतर पुष्कळ वाद रंगले, पण त्या दिवशी उघडी पडली ती मैदानावरच्या तातडीच्या वैद्यकीय मदतीची तोकडी व्यवस्था. तिची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली. पाल पुढे भारताचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झाला आणि २०११ च्या आशिया कपमध्ये त्याने नाव कमावले.

मुंबईचे एकमेव विजेतेपद २००५-०६ चे, महिंद्र युनायटेडचे. गोव्याचेच डेरिक परेरा त्यांचे प्रशिक्षक होते आणि त्याच हंगामात फेडरेशन कपही कूपरेजच्या या संघाने जिंकला. चार वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने क्लबच बंद केला. पुढच्याच वर्षी जेसीटीनेही गाशा गुंडाळला. पुण्यात २००७ साली निघालेला पुणे एफसी बालेवाडीत खेळत २०१२-१३ च्या लीगमध्ये चर्चिलच्या मागोमाग दुसरा आला, पण तोही दशक पुरे करू शकला नाही. हे क्लब मैदानावर हरून संपले नाहीत, हे विशेष.

२०१२-१३ चा हंगाम खिलाडूवृत्तीच्या दृष्टीनेही लक्षात राहिला. ९ डिसेंबर २०१२ रोजी सॉल्ट लेकवरच्या कोलकाता डर्बीत ओडाफा ओकोलीला लाल कार्ड मिळाले, गोंधळात प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने रहीम नबी जखमी झाला आणि मोहन बागान उत्तरार्धासाठी मैदानात उतरलाच नाही. आधी लीगमधून हकालपट्टी जाहीर झाली. मग दोन कोटींचा दंड आणि तोवरचे गुण रद्द, एवढ्यावर सुटका झाली. मोठ्या क्लबाशिवाय लीग चालत नाही, हे भारतीय फुटबॉल महासंघाने त्या निर्णयातून एका परीने मान्यच केले.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि गणित बदलले. २०१६ च्या जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगला दुय्यम दर्जा देण्याच्या प्रस्तावाचा निषेध करत स्पर्धा सोडली. एक वर्ष आधी खाली घसरलेला धेंपो द्वितीय विभाग जिंकून परतण्याच्या बेतात होता. त्यानेही माघार घेतली. रिकाम्या झालेल्या जागेमुळे मिझोरामच्या आयझॉल एफसीची घसरण मात्र टळली आणि ते त्याच्या पथ्यावर पडले. खालिद जमील तिथे प्रशिक्षक म्हणून गेले. त्याआधी मुंबई एफसीला तुटपुंज्या खर्चात अनेक वर्षे लीगमध्ये टिकवून धरणाऱ्या या माणसाला त्या क्लबाने नुकतेच सोडले होते. २०१६-१७ चे विजेतेपद आयझॉलने पटकावले आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडला. भारतीय लीगच्या इतिहासात एवढा चोख हिशेब दुसरा सापडत नाही.

नव्या लीगमध्ये प्रशिक्षक परदेशी आणि मुक्काम अल्प, असा शिरस्ता पडला. एफसी गोवाकडे सुरुवातीला झिको होते. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्यावरचा अंतिम सामना चेन्नईयिनने ३-२ असा जिंकला. त्यानंतर झालेल्या हाणामारीने आणि आरोपांनी प्रकरण इतके चिघळले की गोव्याला ११ कोटींचा दंड आणि १५ गुणांची वजावट अशी शिक्षा झाली. अपिलात गुणांची वजावट रद्द झाली. पुढे सर्जिओ लोबेरा यांनी छोट्या पासांचा देखणा खेळ उभा केला, तरी साखळीचे मोजके सामने उरले असताना, जानेवारी २०२० अखेरीस, त्यांना काढले गेले. साखळीत अव्वल आल्याबद्दलची लीग शील्ड आली ती क्लिफर्ड मिरांडा हंगामी सूत्रे सांभाळत असताना. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले, सोबत मंदार राव देसाई, जाहूह, फॉल आणि बूमूस असे गोव्याचे मोहरे आले. २०२०-२१ मध्ये मुंबईने शील्ड आणि करंडक दोन्ही मिळवले. कोविडमुळे सगळे सामने गोव्यातच झाले होते, त्यामुळे अंतिम सामनाही फातोर्ड्यावरच.

मैदान सोडण्याची परंपरा मात्र नव्या लीगमध्येही खंडित झाली नाही. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूत सुनील छेत्रीने भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारून गोल केला, तेव्हा केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ बाहेर नेला. नियमानुसार अशी झटपट फ्री किक घेता येते, त्यामुळे तक्रारीला बळ कमीच होते. क्लबला चार कोटींचा दंड आणि प्रशिक्षकांना दहा सामन्यांची बंदी झाली.

मे २०२५ मध्ये मानोलो मार्केझ यांच्या एफसी गोवाने सुपर कपच्या अंतिम सामन्यात खालिद जमील यांच्या जमशेदपूरला ३-० असे हरवले. मार्केझ तेव्हा राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते. काही महिन्यांत त्यांनी ते पद सोडले आणि ऑगस्टमध्ये ते जमील यांच्याकडे आले. २०१२ नंतर प्रथमच हे पद भारतीय प्रशिक्षकाला मिळाले. त्याआधीचे शेवटचे दोन भारतीय प्रशिक्षक, कुलासो आणि साविओ मदेरा, गोव्याचे होते.