बाटली क्रमांक ५३-एन

संसर्गजन्य आजारांच्या कामात नव्यानं आलेले डॉक्टर आणि संशोधक बरेचदा विचारतात, ‘आधी काय शिकू? संख्याशास्त्र, शोधनिबंध लिहिणं की प्रयोगशाळेचं काम?’ हे सगळं लागतंच. पण त्याच्याही आधी एक गोष्ट शिकावी लागते: नीट नोंद करणं. दिसायला साधी वाटते, पण तिच्यावर माणसाचं नाव आणि रुग्णाचा जीव दोन्ही अवलंबून असतात. कसं ते पाहू.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं ती लाखो लोकांना दिली गेली. मग ३० ऑक्टोबर १९०२ उजाडला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली आणि त्यातले १९ जण धनुर्वातानं दगावले. ठपका आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं.

पण कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली, हे माहीत होतं. दगावलेले सगळे १९ जण एकाच बाटलीतले होते, क्रमांक ५३-एन. शिवाय चौकशीत असंही समोर आलं होतं, की बाटली उघडण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हे पुरावे पुन्हा मांडले. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, हे १९०७ साली मान्य झालं. बाटलीवर क्रमांक नसता, तर वाद घालायला आधारच उरला नसता.

आता दुसरी बाजू. नोंद फक्त बचावासाठी नसते. १९७१ साली पश्चिम बंगालच्या सीमेवर, बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा या प्रमाणात द्रावण बनवलं आणि नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. त्या धावपळीतही किती रुग्ण आले, किती दगावले, याची मोजदाद त्यांनी ठेवली. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. १९७३ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. मोजदाद नसती, तर ही गोष्ट एका डॉक्टरची आठवण म्हणूनच राहिली असती.

मग तुम्ही काय करायचं? तुम्ही नागपूरला असा, दिल्लीला असा की वेल्लोरला, चार सवयी लावून घ्या.

पहिली, तारीख लिहा. ‘तीन दिवसांपासून ताप’ असं नको. ताप सुरू झाल्याची तारीख हवी. डेंग्यूची एनएस१ चाचणी तापाच्या पहिल्या काही दिवसांतच जास्त भरवशाची असते. केसपेपर आठवड्यानं वाचणाऱ्याला ‘तीन दिवस’ कधीपासून मोजायचे, हे कसं कळणार?

दुसरी, वेळ लिहा. रक्ताचं कल्चर किती वाजता घेतलं, अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता दिला. डोस आधी दिला असेल, तर कल्चरमध्ये काही न उगवण्याचा अर्थच बदलतो.

तिसरी, रुग्णाचं रोजचं जगणं लिहा. तो भातशेतीत राबतो का, गुरं सांभाळतो का, पुराच्या पाण्यातून चालला का? लेप्टोस्पायरोसिसचा धागा इथंच सापडतो. परप्रांतात असाल, तर रुग्णाच्या भाषेतला शब्द जसाच्या तसा टिपा. भाषांतरात लक्षण हरवतं.

चौथी सवय सगळ्यात अवघड. निदान बदललं, तर का बदललं ते लिहा. चुकलं असेल तर गिरमिटून टाकू नका. एक रेघ मारा, खाली तारीख आणि सही करा. चूक वाचता आली, तरच पुढच्याला ती टाळता येते.

आज एवढंच करा. तुम्ही स्वतः लिहिलेले मागचे तीन केसपेपर काढा आणि अनोळखी डॉक्टरच्या नजरेनं वाचा. त्याला पुढचा उपचार त्यावरून ठरवता येईल का? जिथं अडेल, तिथून सुरुवात करा. भेटू पुढच्या भागात.