गतकालीन आकडे आणि भाविकथन : मटक्याच्या एका वहीच्या निमित्ताने

भाषाविज्ञान विभागाच्या पत्रिकेत मटक्याच्या आकड्यांची चर्चा व्हावी, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु वारंवारतेच्या मोजणीवर आधारलेल्या काही पदव्युत्तर प्रबंधिका अलीकडे तपासीत असता प्रस्तुत लेखकास एका जुन्या वहीची पुनःपुन्हा आठवण होत राहिली. ही वही परळच्या चाळीत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका गिरणी कामगाराची होती. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली. त्यानंतर गिरणीच्या हिशेबाचे जे काही पैसे हाती आले, ते क्रमाक्रमाने ह्या वहीच्या आधारे खर्ची पडले. पुढे अनेक वर्षांनी त्यांच्या मुलाने ती मला आणून दिली; म्हणाला, "तुम्हीही असलेच काहीतरी मोजता ना?" त्याच्या प्रश्नाला मी त्या वेळी हसून बगल दिली. आज त्याचे उत्तर द्यावयाचे आहे.

त्या गृहस्थांचे शिक्षण बेताचेच होते, परंतु त्यांची शिस्त पाहिली म्हणजे आपल्या कित्येक संशोधकांस लाज वाटावी. प्रत्येक दिवसाची एक ओळ. तीत तारीख, ओपनची तीन पाने व त्यांचा आकडा, क्लोजची तीन पाने व त्यांचा आकडा. समासात तीन निरनिराळे तक्ते : कोणता आकडा किती वेळा आला, कोणत्या आकड्यामागून कोणता आकडा आला, आणि कोणता आकडा किती दिवस आलेला नाही. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही अनुक्रमे वारंवारतेची, अनुक्रमाची आणि अंतराची मोजणी होय. तिन्ही पद्धती आपण वर्गात शिकवितो. त्यांत मुळात काही चूक नाही. मग ह्या वहीने त्या गृहस्थांस फसविले कोठे?

प्रथम खेळाविषयी थोडे. मुंबईत हा प्रकार पूर्वी 'आकड्याचा जुगार' म्हणून चालत असे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडता भाव आणि बंद होता भाव तारेने मुंबईस येत, आणि त्यांवर पैजा लागत. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत ह्यांनी वरळीस स्वतःची सोडत सुरू केली आणि १९६४ मध्ये रतन खत्री ह्यांनी 'न्यू वरळी' नावाने दुसरी. कायद्याच्या दृष्टीने हा सारा व्यवहार गुन्ह्यातच मोडत होता. तरी गिरणगावात तो वर्षानुवर्षे राजरोस म्हणावा इतका चालला. भाषेच्या अभ्यासकास येथे एक मौजेची गोष्ट आढळते. कापसाचे भाव गेले, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द राहिले. चिठ्ठ्या काढण्याचे मडके जाऊन त्याच्या जागी पत्त्यांचा जोड आला, पण नाव 'मटका'च राहिले. वस्तू नष्ट झाली तरी शब्द मागे राहतो, हे आपणांस परिचितच आहे.

माझ्या मते शब्दांप्रमाणे सवयही अशीच मागे राहिली. कापसाचा भाव माणसांच्या सौद्यांतून ठरतो. आजचा भाव कालच्या भावास धरून असतो. सौदा करणाऱ्यांस काही पूर्णांक अधिक सोयीचे वाटतात. अशा भावांची टिपणे ठेवणाऱ्याच्या श्रमांस थोडा तरी आधार असू शकत होता. सोडत पत्त्यांवर आली तेव्हा तो आधारही गेला. वह्या मात्र चालूच राहिल्या.

आता सोडतीचे स्वरूप पाहू. राजा, राणी, गुलाम बाजूस काढून एक्क्यापासून दश्श्यापर्यंतची चाळीस पाने घेतली व त्यांतून तीन पाने उचलली असे मानू. दश्श्यास शून्य धरावयाचे. तीन पानांची बेरीज करून तिचा शेवटचा अंक हा आकडा होय. चौका, सत्ता व नव्वा आले तर बेरीज वीस, म्हणून आकडा शून्य. ओपनचा एक व क्लोजचा एक असे दोन आकडे मिळून जोडी होते.

ह्या रचनेत एक खराखुरा आकृतिबंध आहे, आणि वहीत तो स्पष्ट उमटलेला आहे. तीन पाने उचलण्याचे एकूण ९,८८० प्रकार होतात. तिन्ही पाने भिन्न अंकांची असलेली त्रिके १२०, आणि त्यांतील प्रत्येक ६४ प्रकारांनी येऊ शकते. दोन पाने सारखी असलेली त्रिके ९०, प्रत्येक २४ प्रकारांनी. तिन्ही सारखी असलेली १०, प्रत्येक केवळ ४ प्रकारांनी. म्हणजे तीन एकसारखी पाने सरासरीने २४७ सोडतींत एकदाच दिसणार. आमच्या शेजाऱ्यांनी हे स्वतः शोधून काढले होते आणि त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती. त्यांचे निरीक्षण अचूक होते. परंतु हा नियम गतकालाने घडविलेला नाही, तो पत्त्यांच्या जोडाने घडविलेला आहे. सोडत एकदाही झाली नसती तरी तो इतकाच खरा असता. मराठी शब्दाच्या आरंभी 'ण' सहसा येत नाही, हा जसा व्यवस्थेचा नियम, तसाच हा. शिवाय सट्टेवाल्यांसही तो ठाऊक असतो, आणि दुर्मिळ त्रिकांचे भाव त्यांनी तो जमेस धरूनच ठरविलेले असतात.

प्रत्यक्ष आकड्याच्या बाबतीत तर व्यवस्था एवढाही पक्षपात करीत नाही. कोणतीही तीन पाने घ्या आणि प्रत्येकाच्या जागी त्याच्या पुढचे पान ठेवा : एक्क्याच्या जागी दुर्री, दुर्रीच्या जागी तिर्री, दश्श्याच्या जागी पुन्हा एक्का. बेरजेचा शेवटचा अंक प्रत्येक वेळी तीनने पुढे सरकतो. शून्यापासून निघाले तर ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७ असे फिरून आपण पुन्हा शून्यावर येतो. वाटेत एकही आकडा सुटत नाही. अर्थात प्रत्येक आकड्याच्या वाट्यास नेमके ९८८ प्रकार येतात, एकही कमी नाही व एकही अधिक नाही. अशा आकड्यावर एका रुपयास नऊ रुपये हा भाव मिळत असेल, तर दर रुपयामागे सरासरीने दहा पैसे गेलेच म्हणून समजावे. मग आकडा वही पाहून लावा की डोळे मिटून लावा.

येथे वाचक म्हणेल की वहीत तर काही आकडे उघड उघड पुढे होते. होतेच, आणि ते पुढे असणे अपरिहार्य आहे. अनुक्रमाचा तक्ताच घ्या. दहा आकडे उभे, दहा आडवे, मिळून शंभर घरे. एक हजार सोडती नोंदविल्या तर प्रत्येक घरात सरासरीने दहा खुणा पडतील. परंतु सरासरी दहा म्हणजे प्रत्येकी दहा नव्हे. निव्वळ यदृच्छेचे राज्य असले तरी दोन-तीन घरांत सतरा किंवा अधिक खुणा पडतात आणि तितक्याच घरांत चार किंवा त्याहून कमी पडतात. सत्त्यामागून दुर्री सतरा वेळा आली, आणि पंजामागून एक्का अवघा तीन वेळा, असे पाहणाऱ्यास काही कायदा हाती लागल्यासारखे वाटल्यास त्यास दोष देता येणार नाही. त्याने शंभर घरे पाहिली, त्यांतील सर्वांत ठळक घर निवडले, आणि मग उरलेली नव्याण्णव घरे आपण पाहिली होती ह्याचा त्यास विसर पडला. सारी गफलत ह्या विसरण्यात आहे.

ह्याच तक्त्याचा भाषेवरील प्रयोग १९१३ मध्ये मार्कोव्ह ह्या रशियन गणितज्ञाने केला. पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' ह्या काव्यातील वीस हजार अक्षरे घेऊन त्याने स्वर-व्यंजनांचा अनुक्रम मोजला. एकूण अक्षरांत स्वरांचे प्रमाण शेकडा ४३ च्या आसपास निघाले; परंतु स्वरानंतर लगेच स्वर येण्याचे प्रमाण शेकडा १३ आणि व्यंजनानंतर स्वर येण्याचे शेकडा ६६. येथे मागचे अक्षर पुढच्या अक्षरावर खरोखरच परिणाम करते. मजकूर बदलला तरी अशा तक्त्याची ठेवण पुष्कळशी टिकते, कारण तिच्यामागे उच्चाराची व शब्दघटनेची कारणे आहेत. बोलणाऱ्यास आपण काय बोललो त्याची स्मृती असते. पिसलेल्या पत्त्यांस ती नसते. मार्कोव्हचा तक्ता आणि परळचा तक्ता कागदावर एकसारखेच दिसतात. भेद आहे तो कागदाबाहेर, आकडे निर्माण करणाऱ्या यंत्रणेत. सोडत अप्रामाणिक असेल तर काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. त्यास उत्तर एवढेच की, लबाडी करणारा आकडा निवडील तो त्या दिवशी कोणत्या आकड्यावर कमी पैसे लागले हे पाहून. आणि ती माहिती खेळणाऱ्याच्या वहीत नसते.

तिसरा तक्ता, न आलेल्या आकड्यांचा, हा सर्वांत घातक. फ्रान्सच्या लॉटरीत बरेच दिवस न निघालेल्या अंकावर लोक झुंबड करतात, हे लाप्लासने १८१४ मध्येच नमूद केले होते. आपल्याकडे "सत्ता राहिला आहे" असे म्हणतात. ह्या वाक्याची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. 'राहिला आहे' हा प्रयोग आपण एरवी देण्याच्या, येण्याच्या, करावयाच्या गोष्टींविषयी करतो : वाण्याचे पैसे राहिले आहेत, पाहुणे यावयाचे राहिले आहेत. म्हणजे आकड्यावर येण्याचे बंधन आहे आणि ते त्याने अद्याप पाळलेले नाही, हा अर्थ व्याकरणानेच आत आणून बसविला. त्यापुढे "आता यायलाच हवा" हे वाक्य आपोआप येते. चुकीच्या अनुमानाचे अर्धे काम येथे क्रियापदाने केलेले असते, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या समजुतीचे सर्वांत दारुण उदाहरण इटलीतील आहे. तेथील सरकारी लोत्तोत त्या वेळी दहा शहरांच्या दहा स्वतंत्र सोडती होत. प्रत्येकीत १ ते ९० मधून पाच अंक निघत. अशा उशीर करणाऱ्या अंकांच्या याद्या तेथे छापल्या जातात. व्हेनिसच्या सोडतीत २००३ च्या मे महिन्यानंतर ५३ हा अंक १८२ सोडती आलाच नाही. तो येईपर्यंत, म्हणजे ९ फेब्रुवारी २००५ पर्यंत, त्या एका अंकावर लोकांनी अब्जावधी युरो लावले. कर्जबाजारीपणाच्या व आत्महत्यांच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या.

एखादा ठरावीक अंक ठरावीक शहरी सलग १८२ वेळा न येण्याचा संभव किती? प्रत्येक वेळी तो न येण्याचा संभव अठरांत सतरा. तोच १८२ वेळा गुणिला असता उत्तर सुमारे तेहतीस हजारांत एक असे येते. हे ऐकून चमत्कार घडला असे वाटते. परंतु ५३ हा अंक आणि व्हेनिस हे शहर कोणी आगाऊ निवडले होते काय? दहा शहरे व नव्वद अंक मिळून नऊशे उमेदवार. आठवड्यास दोन सोडती धरल्या तर वर्षाकाठी अशा प्रतीक्षा सुमारे ५,२०० वेळा नव्याने सुरू होतात. त्यांपैकी एखादी १८२ सोडतींपर्यंत लांबावी, हे सरासरीने सहा-साडेसहा वर्षांतून एकदा घडणारच. कोणता अंक व कोणते शहर, एवढेच तेवढे अनिश्चित. आणि १८२ सोडती होऊन गेल्यावरही पुढच्या सोडतीत ५३ येण्याचा संभव पहिल्या दिवशी होता तेवढाच, अठरांत एक, राहिलेला होता.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे आता वळतो. होय, मीही असलेच मोजतो, आणि मीही असाच फसलो आहे. संशोधक विद्यार्थी असताना वऱ्हाडीतील 'ले' आणि 'ला' ह्या प्रत्ययांच्या वापराची टिपणे मी घेत होतो. निवेदकांचे वय, लिंग, जात, शिक्षण, गाव, नामाचा अंत्य स्वर, वाक्यातील स्थान असे जे जे सुचले त्याचे तक्ते केले. एका घरात विलक्षण विषमता दिसली : पन्नाशीपुढील स्त्रिया ईकारान्त नामांपुढे 'ले' फारच अधिक वापरतात. त्यावर मी एक उपपत्ती रचली, तीत आधीच्या शतकातील स्थलांतर आणले, आणि एका चर्चासत्रात ती वाचलीही. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावी तीच टिपणे घेतली तेव्हा ती विषमता नाहीशी झाली होती. शंभराहून अधिक घरांतून मी एक घर निवडले होते. परळच्या गृहस्थांनी पैसे गमावले. मी दोन वर्षे गमाविली, आणि माझ्या उपपत्तीचा उल्लेख करणाऱ्या एका विद्यार्थिनीचेही काही महिने.

तेव्हापासून मी एक साधा नियम पाळतो व विद्यार्थ्यांसही पाळावयास सांगतो. गोळा केलेली सामग्री हाती येताच तिचे दोन भाग करावे व दुसरा भाग बांधून कपाटात ठेवावा. पहिल्या भागात हवे तितके तक्ते करावे, हवी तितकी घरे धुंडाळावी. जे सापडेल ते एका वाक्यात लिहून त्यावर तारीख घालावी, किती तक्ते करून ते सापडले तो आकडाही खाली लिहावा, आणि मगच दुसरा भाग सोडावा. लिहिलेले वाक्य तेथे टिकले तर त्यामागील कारणाचा शोध घ्यावा. न टिकले तर तेही प्रबंधिकेत नमूद करावे.

हा प्रयोग मी त्या वहीवरही करून पाहिला. पहिल्या अर्ध्या भागात लाल पेन्सिलीने वर्तुळ केलेल्या जोड्या दुसऱ्या भागात इतर जोड्यांहून पुढे नव्हत्या. तीन सारखी पाने मात्र दोन्ही भागांत तितकीच दुर्मिळ होती. ज्या विद्यार्थ्यांना हा तपास स्वतः करावयाचा असेल, त्यांना ती वही विभागात पाहावयास मिळेल. नावाचे पहिले पान मी काढून मुलाकडे परत दिले आहे.