विश्लेषण : गेमिंग व्हिडिओत तुमचाच आवाज का हरवतो?

गेल्या महिन्यात जळगावच्या मावसभावाने रात्री दीड वाजता मला एक व्हिडिओ पाठवला. २२ मिनिटांचा सामना, शेवटी समोर चौघे आणि हा एकटा, तरीही जिंकला. चित्र एकदम स्वच्छ. गोळीबार, गाडीचे इंजिन, गवतातली पावले, सगळे ऐकू येत होते. फक्त तो स्वतः नव्हता. सामनाभर तो तावातावाने कॉमेंट्री करत होता, इतकी की मावशीने उठून त्याला दटावले. रेकॉर्डिंगमध्ये मात्र त्याचा एक शब्द नाही. ‘माइक गेला’ असा निष्कर्ष काढून त्याने साडेचार हजारांचा नवा माइक ऑनलाइन बघून ठेवला होता. माइकला काहीही झालेले नव्हते.

मोबाइलवर गेम खेळून त्याचे व्हिडिओ टाकणाऱ्या मराठी मुलांची ही नेहमीची तक्रार आहे. नकाशा सगळ्यांना तोच, बंदुका त्याच. हिंदी, तमीळ आणि मराठी चॅनेलमध्ये फरक असतो तो बोलण्याचा. तेच नीट ऐकू येत नसेल, तर प्रेक्षकाने आपला व्हिडिओ का बघावा?

बोललेले रेकॉर्ड का होत नाही?

याचे उत्तर अँड्रॉइडच्या नियमांत आहे. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० येण्यापूर्वी साध्या स्क्रीन रेकॉर्डर ॲपला गेमचा आतला आवाज थेट घेताच येत नसे. फोनचा स्पीकर वाजायचा आणि तोच आवाज माइकमधून परत आत जायचा. जुन्या गेमिंग व्हिडिओंमध्ये सगळे पत्र्याच्या डब्यात चालल्यासारखे वाटते ते त्यामुळे. अँड्रॉइड १० पासून रेकॉर्डरला आतला आवाज घ्यायची परवानगी मिळाली, पण ती फक्त गेम आणि मीडिया अशा प्रकारांत मोडणाऱ्या आवाजांसाठी. ‘संभाषण’ या प्रकारातला आवाज त्यातून वगळला आहे. कोणाचे कॉल चोरून रेकॉर्ड होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू.

माइकबाबतही असाच नियम आहे. दोन ॲपनी एकाच वेळी माइक मागितला आणि त्यातले एक संभाषणासाठी तो वापरत असेल, तर दुसऱ्याच्या वाट्याला शांतता येते. फोन कोणताही इशारा देत नाही. रेकॉर्डर चालू दिसतो, फाइल तयार होते आणि आवाजाच्या जागी शून्य भरले जाते. म्हणजे टीममधल्या मित्रांशी बोलण्यासाठी गेममधला माइक सुरू केला, की गेमने माइक ताब्यात घेतला आणि रेकॉर्डर बहिरा झाला. मावसभावाचे नेमके हेच झाले होते. मित्रांचा आवाज संभाषण प्रकारातून येत असेल, तर तोही रेकॉर्ड होत नाही.

काही कंपन्यांच्या फोनमध्ये मुळातच दिलेल्या रेकॉर्डरला जादा परवानग्या असतात. म्हणून मित्राच्या फोनवर जे चालते ते आपल्या फोनवर चालेलच असे नाही, आणि ‘ही सेटिंग करा, शंभर टक्के आवाज येईल’ सांगणारे निम्मे व्हिडिओ बघूनही काही हाती लागत नाही. आयफोनमध्ये कंट्रोल सेंटरमधले रेकॉर्डिंगचे बटण दाबून धरले की माइक सुरू करण्याचा पर्याय दिसतो. तो अनेकांना माहीत नसतो.

ब्लूटूथ इअरबडने आवाज का बिघडतो?

गाणी ऐकताना झकास वाटणारे इअरबड माइक सुरू होताच जुन्या लँडलाइनसारखे का वाजू लागतात? ब्लूटूथमध्ये गाण्यांसाठी एक पद्धत वापरली जाते आणि कॉलसाठी दुसरी. माइक सुरू झाला की जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते. तिथे आवाजाचे सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजार नमुने घेतले जातात. व्हिडिओसाठी ४८ हजार घेणे ही रीत आहे. नमुने जितके, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज टिकतो, हे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात घोकलेले गणित इथे कामी येते. ८ हजार नमुन्यांत ४ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे कापले जाते. ‘स’, ‘श’ यांची धार तर त्याच्याच वर असते. मराठीत ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळे, असल्या माइकवर दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात. शिवाय ब्लूटूथचा आवाज कानात किंचित उशिरा पोहोचतो, तो त्रास वेगळाच. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत नमुन्यांची मर्यादा बरीच सैल झाली आहे, पण त्यासाठी फोन आणि इअरबड दोन्हींत ती सोय हवी. तोवर दीड-दोनशे रुपयांचा तारेचा इअरफोन बरा.

नवा माइक न घेता काय करता येईल?

घरात एखादा जुना फोन पडून असतोच. स्क्रीन फुटलेली, बॅटरी दोन तास टिकणारी, पण माइक धड. तो काढा, विमान मोडवर टाका, व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा आणि तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला ठेवा. अगदी समोर ठेवला तर ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना हवेचा फटका माइकवर बसतो. खेळायच्या फोनला तारेचा इअरफोन लावा, म्हणजे गेमचा आवाज खोलीत येणार नाही. आता खेळायच्या फोनवर फक्त गेमचा आवाज आणि जुन्या फोनवर फक्त तुमचा, अशा दोन स्वतंत्र फाइल मिळतात. गेमने माइक अडवला तरी फरक पडत नाही.

दोन्ही फाइल जुळवायच्या कशा? टाळी वाजवून उपयोग नाही, कारण स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये माइकच नाही. आम्ही अशी युक्ती केली : विमानात बसण्याआधी सगळे जमतात त्या बेटावर इअरफोनची पिन काढून एक गोळी झाडायची आणि पिन परत लावायची. ती गोळी स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये थेट येते आणि स्पीकरवर वाजल्यामुळे जुन्या फोनवरही. एडिटिंगमध्ये दोन्हीकडचे ते टोक एका रेषेत आणले की झाले. सामना लांबला तर शेवटीही अशीच एक खूण हवी. दोन फोनची घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत; दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी अर्ध्या तासात ०.०९ सेकंद साचतात. मध्ये दोन-तीन ठिकाणी फाइल कापून सरकवली की पुरते.

आवाज हळूहळू बराच मागे पडत गेला तर कारण बहुधा दुसरे असते. फोनवरच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला किती चित्रे घ्यायची, हे फोनवरच्या ताणाप्रमाणे बदलत राहते. काही एडिटिंग सॉफ्टवेअरना हे झेपत नाही. संगणक असेल तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल आधी ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’वर काढून घ्यावी.

संगणकावर खेळणाऱ्यांचे काम सोपे आहे. ओबीएस स्टुडिओ मोफत आहे, त्यात आवाजाचे सहा ट्रॅक वेगवेगळे ठेवता येतात. गेम एकावर, माइक दुसऱ्यावर, मित्र तिसऱ्यावर. मित्रांचा आवाज घ्यायचा तर त्यांना आधी सांगा. हरल्यावर माणूस काय बोलतो हे त्याच्या घरच्यांनी यूट्यूबवर ऐकावे, अशी कोणाची इच्छा नसते.

खोली, पंखा आणि कुकर

महागडा माइकसुद्धा रिकाम्या, फरशीच्या खोलीत घुमतोच. भिंतींवरून परतलेला आवाज एकदा फाइलमध्ये शिरला की तो काढणे फार अवघड. त्यापेक्षा दोरीवर जाड गोधडी टाका, कपड्यांचे कपाट उघडे ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसा. माइक जवळ आणा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा गोंगाट तेवढाच मागे पडतो. हे फुकट आहे.

पंख्याची घरघर एकसुरी असते, म्हणून ती काढता येते. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरला आधी फक्त घरघरीचा नमुना द्यावा लागतो, तेव्हा रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पाच सेकंद गप्प बसा. मात्र प्रमाण जपून. गोंगाट पूर्ण पुसायला गेलात की माणूस विहिरीच्या तळातून बोलतोय असे वाटू लागते. थोडी घरघर राहिली तरी चालते, गोळीबारात ती कोणाला ऐकू येणार? कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, शेजारच्यांचा टीव्ही हे सतत बदलणारे आवाज. ते अशा रीतीने निघत नाहीत. ‘नॉइज गेट’ नावाचे फिल्टर ठरावीक पातळीखाली आवाज बंदच करते. ते जास्त घट्ट लावले तर वाक्यांची शेपटे कापली जातात, आणि मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘मी त्याला तिथे जाऊ’ एवढेच ऐकू येते. दिले की दिले नाही, कळत नाही.

गेमचा आवाज किती ठेवावा?

सगळ्यात जास्त व्हिडिओ इथे बिघडतात. खेळणाऱ्याला पावलांचा आवाज जिवापाड महत्त्वाचा, शत्रू डावीकडे की उजवीकडे हे त्यावरूनच कळते. म्हणून तो गेम मोठ्याने ऐकतो आणि तसाच व्हिडिओत ठेवतो. पण प्रेक्षकाला खेळायचे नाही, त्याला तुमचे ऐकायचे आहे. तुमच्या कानातले मिश्रण आणि त्याच्या कानातले मिश्रण वेगळे हवे. दोन फाइल वेगळ्या ठेवण्याचा खरा फायदा हाच.

मी सुरुवातीला बोलण्यापेक्षा गेम १२ डेसिबल खाली ठेवतो आणि तिथून कानाने ठरवतो. तुम्ही बोलता तेव्हा गेम आपोआप खाली आणि गप्प झालात की वर, अशी सोय ऑडॅसिटीत ‘ऑटो डक’ नावाने आहे. ओबीएसच्या कॉम्प्रेसर फिल्टरमध्येही ती मिळते. मोबाइल एडिटरमध्ये ती नसेल तर हाताने करा, पण चकमकीच्या ऐन क्षणी गेम पूर्ण दाबू नका. गोळी सुटल्यावर तुम्ही दचकलात तर ती गोळी प्रेक्षकालाही ऐकू आली पाहिजे.

ओरडण्याचे काय? जिंकल्यावर ओरडायचेच, ते व्हिडिओचे जीवनसत्त्व आहे. पण डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबलच्या वर जागा नाही. तिथे आवाजाची लाट सपाट कापली जाते आणि फाटलेला आवाज नंतर धड सांधता येत नाही. नेहमीचे बोलणे उणे १२ च्या आसपास राहील असे बघा. फोनच्या रेकॉर्डरमध्ये पातळी बदलता येत नसेल तर शेवटच्या झोनमध्ये शिरताना मान जरा मागे घ्या. गायक हेच करतात.

मोठा आवाज ठेवला तर यूट्यूबवर उठून दिसेल?

नाही. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओचा सरासरी आवाज मोजते. तो साधारण उणे १४ एलयूएफएस या पातळीच्या वर असेल तर खाली आणते. कमी असेल तर सहसा तसाच सोडते. म्हणजे कर्कश व्हिडिओला फायदा शून्य, आणि पुटपुटणाऱ्याचे नुकसान. आपला व्हिडिओ कुठे आहे हे संगणकावर तपासता येते. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. ‘कंटेंट लाउडनेस’समोर उणे ९ डेसिबल दिसले, तर तुमचा आवाज इतरांपेक्षा तेवढा खाली आहे. ऑडॅसिटीतल्या ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’मध्ये उणे १४ घातले की काम होते. शिखरे कापली जाऊ नयेत म्हणून नंतर लिमिटर लावायला विसरू नका.

बास वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर खालचे सूर उमटतच नाहीत. उलट ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग बोलण्यातून कापून टाका, टेबलाची धडधड जाते. मीम्सचे ‘धूम’ आवाज मिनिटाला चार वेळा टाकणाऱ्यांबद्दल काय बोलावे? इअरफोन लावलेल्या माणसाला तो खरोखरचा फटका असतो. टाकायचेच तर तुमच्या बोलण्यापेक्षा मोठे नकोत. पार्श्वसंगीत यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या. चित्रपटगीत लावले तर त्या व्हिडिओची कमाई हक्कधारकाकडे जाऊ शकते.

कापायचे काय? लूट गोळा करण्याची आठ मिनिटे, त्यात तुम्ही काही रंजक बोलत नसाल तर. ‘अं’ आणि ‘म्हणजे’ सगळेच काढू नका, माणूस रोबोसारखा बोलू लागतो. शेवटी तयार फाइल फोनच्या स्पीकरवर, निम्म्या आवाजात, एसटीत किंवा लोकलमध्ये बसून ऐका. शब्द कळले तर अपलोड करा.

मावसभावाचा नवा व्हिडिओ परवा आला. रेकॉर्डिंग घरातल्या जुन्या फोनवर, मागे दोरीवर आजीची गोधडी. अकराव्या मिनिटाला कुकरची शिट्टी आहे, आणि त्यावर तो स्वतःच ‘अजून दोन, मग जेवण’ म्हणतो. ती त्याने कापली नाही. माइकसाठी जमवलेले पैसे तसेच आहेत, त्यातून आता त्याला खुर्ची घ्यायची आहे.