केक स्वस्त झाला, वाढदिवस का नाही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून केक-पेस्ट्री, बिस्किटं, चॉकलेट आणि आइस्क्रीम यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रॉनिक नसलेली खेळणी, लोणी, चीज, कंडेन्स्ड मिल्क हेही १२ वरून ५ वर आले. कागदावर पाहिलं तर मुलांच्या वाढदिवसाची जवळजवळ अख्खी यादीच या कपातीत सापडते. तरी पहिलीतल्या मुलाचा वाढदिवस जवळ आला की घरात हिशेबाची वही उघडते आणि आकडा काही केल्या खाली येत नाही.

कारण साधं आहे. सातशे रुपयांना मिळणारा केक नव्या दराने साधारण सव्वासहाशेला पडतो, म्हणजे वाचले पाऊणशे रुपये. तेही दुकानदाराने दर उतरवला तर. सोसायटीतल्या ताईंकडून घरगुती केक घेत असाल तर त्यांची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असल्यामुळे त्या बिलात जीएसटी लावतच नव्हत्या. त्यांचं फक्त लोणी आणि चॉकलेट स्वस्त झालं. वाढदिवसाचा खरा पैसा जातो तो हॉल, फुग्यांची कमान, थीमचा पडदा, अँकर, फोटोग्राफर आणि रिटर्न गिफ्ट यांवर. यातल्या सेवांवरचा १८ टक्के कर होता तिथेच आहे. जिथे आपण सर्वात कमी खर्च करतो तिथे सवलत मिळाली आणि जिथे सर्वात जास्त करतो तिथे काहीच हललं नाही.

या यादीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू. प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहायचा: यात मुलं स्वतः काय करतात? कमानीसमोर ती उभी राहतात. अँकर बोलतो ते ऐकतात. फोटोसाठी थांबतात. केक कापायची वाट बघतात, कारण कुणाचे तरी काका अजून ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात. साडेसहाचं आमंत्रण असतं, सुरी केकला लागते साडेआठला. तोवर धाकटी मुलं पेंगलेली असतात आणि मोठी मुलं हॉलच्या मागच्या बाजूला टेबलाखाली आपापला खेळ मांडून बसलेली असतात. त्या संध्याकाळचा सगळ्यात आनंदाचा भाग तोच, आणि त्याचे पैसे कुणीच मोजलेले नसतात.

मुलांना जे दाखवायचं असतं ते महाग पडतं. मुलांच्या हातांनी जे होतं ते स्वस्तात होतं आणि तेच त्यांच्या लक्षात राहतं. कमी पैशांतल्या वाढदिवसाचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. त्यासाठी परदेशी पार्टीच्या कल्पना धुंडाळण्याची गरज नाही. आपल्याकडे याचा उत्तम नमुना शेकडो घरांत दर जानेवारीत पाहायला मिळतो, तो म्हणजे बोरन्हाण.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि डोक्यावरून मापाने बोरं, उसाचे करवे, ओल्या हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या ओतायच्या. खाली पडलं की आजूबाजूची पोरं तुटून पडतात. फ्रॉकच्या ओच्यात, टोपीत, खिशात मावेल तेवढं भरतात. पाटावरचं मूल आधी बावरतं, मग स्वतःच मुठीने चुरमुरे उडवू लागतं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटपतं.

या छोट्या विधीची बांधणी लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. यात प्रेक्षक कुणीच नसतो. बोलावलेलं प्रत्येक मूल कामाला लागलेलं असतं. खाऊ, खेळ आणि घरी न्यायची भेट या तीन गोष्टी एकाच मापातून निघतात, म्हणून खर्च तीनदा होत नाही. जे ओतायचं ते त्या हंगामात बाजारात भरभरून आलेलं असतं, म्हणून स्वस्त. वयांची सरमिसळ चालते: दोन वर्षांचं मूल समोर पडलेलं उचलतं, सात वर्षांचं कोपऱ्यात घरंगळलेलं शोधतं. आणि मुलं कंटाळायच्या आत ते संपतं. एखाद्या कार्यक्रम-संयोजकाला एवढ्या अटी घातल्या तर तो हात टेकेल. आपल्या आज्या-पणज्यांनी त्या सहज पाळल्या.

अलीकडे बोरन्हाणाचीही पॅकेजं निघाली आहेत: पतंगांचा पडदा, नाव कोरलेला फलक, भाड्याचा दागिन्यांचा संच. मला याचं मनापासून वाईट वाटतं. जो सोहळा बिनखर्चाचा म्हणून इतकी वर्षं टिकला, त्यालाही आपण हॉलच्या रांगेत नेऊन बसवतो आहोत.

वाढदिवस जूनमध्ये असो की ऑक्टोबरमध्ये, बोरन्हाणाची ही रीत उचलता येते. गच्चीवर किंवा बैठकीच्या खोलीत धुतलेली मोठी चादर अंथरा. चुरमुरे, कागदात गुंडाळलेल्या चिक्क्या, खोडरबर, गोट्या, टिकल्यांची पाकिटं, रंगीत खडू असं मिसळून उत्सवमूर्तीच्या डोक्यावरून ओता आणि प्रत्येक मुलाच्या हाती एक कागदी पिशवी द्या. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. चार वर्षांखालची मुलं असतील तर गोट्या, शेंगदाणे, कडक गोळ्या, बिया असलेली फळं बाजूला ठेवा. ती श्वासनलिकेत अडकतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही तसेच, ते लगेच उचलावेत.

खेळांच्या बाबतीतही हाच विचार. वाढदिवसाचा नेहमीचा खेळ म्हणजे संगीत खुर्ची. त्यात पहिल्या फेरीत बाद होतं ते बहुधा सर्वात लहान किंवा सर्वात बुजरं मूल, आणि मग पुढची दहा मिनिटं ते भिंतीला टेकून बसतं. एक छोटा बदल करून पाहा: खुर्च्या काढत जा, मूल मात्र एकही बाद करू नका. शेवटी दोन खुर्च्यांवर दहा पोरं एकमेकांच्या मांडीवर चढून बसतात तेव्हा जो दंगा होतो, तो कुठल्याही अँकरला जमणार नाही. आपले जुने खेळ या बाबतीत फार शहाणे आहेत. विषामृतात ‘विष’ मिळालेला जागीच थिजतो, पण ‘अमृत’ द्यायला कुणीतरी येतंच. मामाचं पत्र ज्याच्या मागे पडतं तो धावतो, बाकीचे वर्तुळातच राहतात. डोंगर का पाणी, शिवाजी म्हणतो, लिंबू-चमचा धरून या सगळ्या खेळांना साहित्य म्हणून लागतो एक रुमाल, काही लिंबं आणि चमचे. हे खेळ घ्यायला इमारतीतल्या आठवी-नववीतल्या ताईला सांगा. तिला मुलांची नावं ठाऊक असतात, कोण कुणाशी भांडतो हेही ठाऊक असतं, आणि तिच्या शब्दाला जो मान असतो तो माइकवाल्या अनोळखी दादाला मिळत नाही.

आता खाऊ. पंधरा मुलांसाठी भेळीसारखा सोपा बेत नाही. एक किलो चुरमुरे, तेवढंच फरसाण, कांदा, टोमॅटो, उकडलेला बटाटा, कोथिंबीर, चिंच-खजुराची चटणी. सगळं वेगवेगळ्या पातेल्यांत मांडा आणि मुलांनाच आपापली भेळ कालवू द्या. ज्याला कांदा नको तो घालणार नाही, ज्याला शेव जास्त हवी तो हात मारेल. ताटात टाकून दिलेलं अन्न कमी होतं, कारण आपण कालवलेलं मूल संपवतं. द्रोण पळसाच्या पानांचे घ्या. रद्दीच्या कागदात खाऊ देऊ नका; छपाईच्या शाईमुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला २०१८च्या नियमांत मनाईच केली आहे. थर्माकोलच्या ताटल्या, प्लॅस्टिकचे चमचे, स्ट्रॉ, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. म्हणजे मुलाच्या नावाच्या थर्माकोलच्या अक्षरांवरचे पैसे वाचवणं हे कायद्याचंच पालन आहे.

सजावटीत आणखी दोन गोष्टींना माझा ठाम विरोध आहे, आणि तो पैशांमुळे नाही. स्नो स्प्रेच्या डब्यात फेस बाहेर फेकणारा वायू बहुतेकदा ज्वलनशील असतो आणि तो आपण पेटत्या मेणबत्तीसमोर मुलाच्या तोंडावर मारतो. तरंगते फुगे महाग हेलियमऐवजी स्वस्त हायड्रोजनने भरलेले असतील तर ठिणगी पुरते. तोंडाने किंवा पंपाने फुगवलेला साधा फुगा मुलांना उलट जास्त आवडतो, कारण तो छताला चिकटून न बसता हातात येतो. पताका मुलांकडूनच आदल्या दिवशी कापून घ्या. सुतळीला खळ लावून जुन्या रंगीत मासिकांचे त्रिकोण चिकटवणं हा एका दुपारचा कार्यक्रम होतो. विकतच लागत असेल तर पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्या आहेतच. मॉलमधल्या दुकानाची वाट धरायचं कारण नाही.

राहिली रिटर्न गिफ्ट. इथे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आठवतो. हॅलोविनच्या रात्री दारोदार खाऊ मागत फिरणाऱ्या मुलांपैकी काहींना नुसतं मोठं चॉकलेट दिलं, काहींना मोठं चॉकलेट आणि त्यानंतर एक च्युइंगम. किती खूष आहात असं विचारल्यावर च्युइंगम जास्तीचं मिळालेली मुलं कमी खूष निघाली. एखाद्या अनुभवाची आठवण त्याच्या सर्वोत्तम क्षणावर आणि शेवटावर ठरते. शेवट फिका झाला की आधीचंही फिकं पडतं. आपल्या वाढदिवसाचा शेवट कसा होतो पाहा: दारात एक पिशवी, तिच्यात घरी पोचेपर्यंत मोडणारी पेन्सिलपेटी. पंधरा मुलांच्या हिशेबात हाच खर्च हजार-दीड हजाराला जातो.

त्याऐवजी शेवटची वीस मिनिटं काहीतरी बनवण्याची ठेवा. पुण्यात आयुका या खगोलसंशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी तयार केली आणि ती सगळ्यांसाठी इंटरनेटवर मोफत खुली केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संग्रहाचा मूळ विचारच असा, की मुलाने खेळणं स्वतः बनवून पाहावं, मोडून पाहावं. त्याच धर्तीवर कागदाचं हेलिकॉप्टर घ्या. वहीच्या पानाची लांब पट्टी, वरच्या अर्ध्या भागात मधोमध एक काप, दोन पाती विरुद्ध दिशांना दुमडायची, खालचा भाग घडी करून त्याला यू-पिन लावायची. खुर्चीवर उभं राहून सोडलं की ते गरगरत उतरतं. पाती उलट दुमडली तर उलट फिरतं, आणि हे मुलांना सांगावं लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला कुणीतरी ओरडून सांगतंच. हे हेलिकॉप्टर रंगवून, त्यावर नाव घालून प्रत्येक जण घरी नेतो. सोबत काही द्यायचंच असेल तर नॅशनल बुक ट्रस्टचं किंवा प्रथम बुक्सचं एखादं पातळ मराठी चित्रपुस्तक द्या. ज्यांना थोडं जास्त परवडतं त्यांच्यासाठी ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आहेत. पंधरा मुलांत पंधरा वेगळी पुस्तकं वाटलीत, तर ती पुढे वर्षभर इमारतीत फिरतात.

आता गोळाबेरीज. पंधरा मुलांसाठी साधा एक किलोचा केक सहाशे, भेळ सहाशे, सरबत दीडशे, खेळांचं आणि बनवण्याचं साहित्य दीडशे, फुगे-पताका दोनशे, पुस्तकं साडेसातशे. अडीच हजारांच्या आत सगळं बसतं. भाव गावागणिक थोडे इकडेतिकडे होतील. केक कुकरमध्ये घरीच रव्याचा केलात आणि पुस्तकं वगळलीत, तर साधारण बाराशेतही निभावतं. वेळ पाच ते सात. आल्याबरोबर खेळ, सहाच्या आत औक्षण आणि केक, मग भेळ, शेवटी हेलिकॉप्टर. उशिरा येणाऱ्यांसाठी केक थांबवायचा नाही, हे आमंत्रणातच लिहून टाका.

एवढं सगळं सोपं असूनही आईबाप हॉल का घेतात, याचं उत्तर पैशांच्या हिशेबात सापडत नाही. गेल्या महिन्यात वर्गातल्या दुसऱ्या मुलाचा वाढदिवस हॉलमध्ये झालेला असतो आणि आपलं मूल तिथून मोठी पिशवी घेऊन आलेलं असतं. ते फेडायचं असतं. ज्या घरात महिनाअखेरीला ओढाताण असते त्या घरावर हे ओझं सर्वात जड असतं. साधा वाढदिवस करणारा पहिला कोण, हा प्रश्न त्यांच्यासाठी अवघड आहे, कारण ‘जमलं नाही वाटतं’ हे वाक्य त्यांच्याच वाट्याला येतं.

म्हणून सुरुवात ज्यांना परवडतं त्यांनी करायला हवी. हॉल सहज घेऊ शकणाऱ्या घराने गच्चीवर विषामृत आणि भेळीचा वाढदिवस केला, तर त्याला कुणी गरिबी म्हणणार नाही आणि पुढच्या दहा घरांना मोकळीक मिळेल. वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर ‘या वर्षी रिटर्न गिफ्ट कुणीच द्यायची नाही’ असा ठराव एका संध्याकाळी होऊ शकतो. सोसायटीने मुलांच्या वाढदिवसाला क्लबहाउस किंवा गच्ची दोन तास विनाभाडं द्यावी. वार्षिक सभेत हा विषय मांडायला एक सभासद पुरेसा आहे. सरकारने केकवरचा कर उतरवला, चांगलंच केलं. बाकीचा खर्च मात्र आपण एकमेकांकडे बघून वाढवलेला आहे, तो एकमेकांकडे बघूनच उतरवावा लागेल.