सेल्फ मारला की गाडी खरखरते? स्पोर्ट्स कारचा स्टार्टर घरी बदलण्याआधी आवाज ओळखायला शिका!

रविवारची सकाळ. गॅरेजमध्ये जपून ठेवलेली दोन सीटची, उघड्या टपाची देखणी गाडी. चावी फिरवली की इंजिनाचा गोड गुरगुराट ऐकू यावा ही अपेक्षा. पण ऐकू येतं काय, तर ‘खर्रर्र’! एखाद्याने लोखंडी डब्यात खिळे भरून हलवावेत तसा आवाज. दुसऱ्यांदा चावी फिरवली की गाडी सुरू होते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. आणि चूक नेमकी इथेच होते.

हा आवाज असतो स्टार्टर मोटरचा. आपल्याकडे गॅरेजमध्ये तिला सरळ ‘सेल्फ’ म्हणतात. ‘गाडी सेल्फ घेत नाही’, ‘जरा सेल्फ मार’ ही वाक्यं तर आपल्या रोजच्या कानावरची. हा शब्द आला ‘सेल्फ स्टार्टर’वरून, म्हणजे गाडीला आपली आपण सुरू करणारं यंत्र.

पूर्वी गाडी सुरू करायला पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावं लागायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर हाताचं हाड मोडायचं. हा त्रास संपवला चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने. १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये त्याचा विजेवरचा स्टार्टर बसला. केटरिंगने आधी कॅश रजिस्टरच्या कंपनीत काम केलं होतं. तिथे गल्ल्याचं यंत्र चालवायला त्याने छोटी मोटर वापरली होती. मोटरला काही क्षणच काम करायचं असेल, तर तिच्याकडून तिच्या आकाराच्या मानाने खूप जास्त जोर काढता येतो, हे त्याला तिथे कळलं होतं. आजचा स्टार्टरही याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मोटर तापून जळू शकते.

चावी फिरवल्यावर आत काय घडतं?

इंजिनाच्या मागच्या बाजूला फ्लायव्हील नावाची जड चकती असते. तिच्या कडेला दाते असतात, तो रिंग गिअर. स्टार्टरच्या टोकाला असतं एक छोटं दातेरी चाक, पिनियन. एरवी ही दोन्ही एकमेकांपासून लांब असतात.

चावी फिरवली की स्टार्टरवर बसलेला सोलेनॉइड दोन कामं करतो. आधी तो पिनियनला पुढे ढकलून रिंग गिअरच्या दात्यांत अडकवतो. मग आतले तांब्याचे जाड संपर्क जोडून बॅटरीची सगळी ताकद मोटरला देतो. घरातल्या गिझरच्या सॉकेटची मर्यादा १६ अँपिअर असते. इथे मात्र छोट्या पेट्रोल इंजिनलाही शंभराहून जास्त अँपिअर लागू शकतात.

पिनियन इंजिनाच्या साधारण दहा ते पंधरा पट वेगाने फिरतं. समजा इंजिन सुरू झालं आणि मिनिटाला ८०० फेरे घेऊ लागलं, पण पिनियन अडकूनच राहिलं. मग ते मिनिटाला ८,००० ते १२,००० फेऱ्यांनी भिरभिरेल. मोटरच्या चिंधड्या होऊ नयेत म्हणून पिनियनमध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच बसवलेला असतो. इंजिन पुढे पळालं की तो सोडून देतो.

प्रत्येक आवाजाचा अर्थ वेगळा

आवाज आला म्हणून थेट नवा स्टार्टर विकत घेणं म्हणजे ताप आला म्हणून सरळ ऑपरेशन करण्यासारखं आहे. आधी नीट ऐकायचं.

‘टकटकटकटक’: बहुतेक वेळा दोष स्टार्टरचा नसतोच. बॅटरी उतरलेली असते किंवा तिचे टर्मिनल गंजलेले असतात. सोलेनॉइड ओढला जातो, मोटरने वीज घेताच दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढला जातो.

एकच ‘टक’ आणि शांतता: सोलेनॉइड हलला, पण मोटर फिरली नाही. बॅटरी आणि वायरी ठीक असतील तर आतले संपर्क किंवा कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात.

‘गुंईईई’, पण इंजिन ढिम्म: मोटर फिरतेय, पण पिनियन दात्यांत अडकत नाही किंवा त्याचा क्लच घसरतोय.

‘खर्रर्र’: सगळ्यात काळजीचा आवाज. दाते दात्यांवर घासले जात आहेत. स्टार्टरचे बोल्ट सैल असतील, पिनियन झिजलं असेल किंवा रिंग गिअरचे दाते खराब झाले असतील.

इंजिन सुरू झाल्यावरही किंचाळी: पिनियन मागे आलेलं नाही. इंजिन लगेच बंद करायचं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आत गिअर असलेले नव्या पद्धतीचे स्टार्टर जुन्यांपेक्षा बारीक, चिरक्या आवाजात फिरतात. तो बिघाड नसतो.

पुढची चाचणी मल्टिमीटरची. पूर्ण चार्ज झालेली, काही वेळ स्वस्थ असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर आधी बॅटरीकडे बघायचं.

‘खर्रर्र’कडे दुर्लक्ष का महाग पडतं?

स्टार्टर बाहेरून बोल्टने लावलेला असतो, तो घरी बदलता येतो. रिंग गिअर मात्र इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये असतो. घासून घासून त्याचे दाते गेले, तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये गिअरबॉक्सच खाली उतरवावा लागतो. एका सुटीच्या दिवशी उरकणारं काम मग मोठ्या दुरुस्तीवर जातं.

उदाहरण माझदा एमएक्स-५ चं

१९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये आलेली ही जपानी गाडी. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. अमेरिका आणि युरोपात अनेक मालक तिची दुरुस्ती घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच करतात. पहिल्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत १.६ लिटरचं इंजिन उभं बसवलेलं आहे आणि स्टार्टर आहे इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावर, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या खाली. बोनेट उघडून वरून हात घालायला जागा फारच कमी. म्हणून बरंचसं काम गाडीखालूनच करावं लागतं.

काम कसं होतं?

इंजिन पूर्ण थंड हवं. सर्वात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. ही पायरी कधीच वगळायची नाही. स्टार्टरकडे जाणारी जाड वायर थेट बॅटरीतून येते आणि बहुतेक गाड्यांत तिला फ्यूज नसतो. पाना चुकून गाडीच्या लोखंडाला टेकला तर क्षणात ठिणग्या उडतात आणि पाना लालबुंद होतो. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ची बॅटरी बोनेटखाली नसून डिकीत आहे, त्यामुळे घाईत ही पायरी विसरणं आणखी सोपं.

मग गाडी उचलणं. जमीन सपाट आणि पक्की हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, खाली राहणाऱ्या चाकांना ठोकळे हवेत. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी स्टँड लावून, गाडी हाताने हलवून खात्री केल्याशिवाय खाली जायचं नाही. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणं जिवावर बेतू शकतं.

आता वायरींचा मोबाईलवर फोटो काढायचा. जाड वायरचा नट आणि सोलेनॉइडची छोटी वायर सोडवायची. मग बोल्ट. खालचा सहज सापडतो, खरी परीक्षा वरच्याची. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपून शोधावा लागतो. रॅचेटला लांब एक्स्टेन्शन आणि वळणारा सांधा जोडून तो निघतो. गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. जोर लावून बोल्टचं डोकं गोल केलं, तर दिवस गेलाच म्हणून समजा.

शेवटचा बोल्ट सुटण्याआधी स्टार्टरला हाताचा आधार द्यायचा. काही किलोंचं हे लोखंड तोंडावर पडू शकतं.

नवा लावण्याआधीची दोन मिनिटं

जुना आणि नवा स्टार्टर शेजारी ठेवायचे. पिनियनचे दाते मोजायचे, बोल्टची भोकं जुळवायची. मग रिकाम्या जागेतून टॉर्च मारून रिंग गिअर बघायचा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक जागांवरच थांबतं, त्यामुळे दाते तेवढ्याच भागात जास्त झिजतात. म्हणून इंजिन पुढच्या बोल्टवर पाना लावून हाताने पूर्ण फिरवत सगळे दाते तपासायचे. इथे दाते तुटलेले दिसले, तर नवा स्टार्टरही तसाच खरखरणार.

बसण्याची जागा तारेच्या ब्रशने स्वच्छ करायची. स्टार्टरची परतीची वीज त्याच्या अंगातूनच इंजिनात जाते, त्यामुळे गंज आणि मळ म्हणजे कमजोर सेल्फ. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळायचे, वायरी लावायच्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात शेवटी जोडायची. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चावी फिरवायची.

जुना स्टार्टर मात्र लगेच भंगारात टाकू नका. ब्रश, बुश किंवा सोलेनॉइडचे संपर्क बदलून तो पुन्हा उभा राहू शकतो. आपल्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत.

ही सगळी माहिती स्पोर्ट्स कारपुरती नाही. दारातल्या साध्या हॅचबॅकचा सेल्फही असाच चालतो आणि बिघडण्याआधी असाच बोलतो. त्यामुळे पुढच्या वेळी चावी फिरवताना गाणी बंद ठेवा आणि दोन सेकंद कान द्या.