विश्लेषण : जुन्या प्रोजेक्टरवर चित्र दिसते, मग आवाज कुठे अडतो?

पडदा उजळतो, नायक बोलतो. पण तंबूत ऐकू येते ती नुसती घरघर. टुरिंग टॉकीजचा 35 मिमी प्रोजेक्टर असे करू लागला, की संशय आधी स्पीकरवर जातो. दोष मात्र अनेकदा त्याआधीच असतो.

आवाज येतो कुठून?
चित्र आणि कडेची छिद्रे यांच्यामध्ये ध्वनिपट्टी असते. एक्सायटर दिव्याचा प्रकाश बारीक फटीतून तिच्यावर पडतो. पलीकडे पोहोचणारा कमी-जास्त प्रकाश फोटोसेल टिपतो आणि त्याचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो.

काय तपासावे?
आवाज पूर्ण बंद : दिवा पेटतो का पाहा. पेटत असेल तर फिल्म न लावता प्रकाशात कार्ड हलवा. स्पीकरमध्ये ‘ठक’ आली, तर सेलपासून पुढचा मार्ग चालू आहे.
आवाज दबका : भिंगावर धूळ किंवा तेल असू शकते.
सतत गुणगुण : दिव्याला स्थिर डीसी मिळत नसावी.
जाड भुणभुण : फिल्म बाजूला सरकून छिद्रे प्रकाशात येत असावीत. चौकटीला 4 छिद्रे, सेकंदाला 24 चौकटी. म्हणून 96 हर्ट्झचा सूर.
ओठ-आवाज जुळेना : ध्वनी चित्राच्या सुमारे 20 चौकटी पुढे असतो. खालचा लूप तपासा.

काळजी काय?
प्लग काढल्यावरही अॅम्प्लिफायरच्या कपॅसिटरमध्ये वीज उरते. ते काम जाणकारावर सोपवा. चाचणीला टाकाऊ फिल्मच लावा. दुर्मीळ प्रिंट एकदा फाटली, की दुसरी मिळेलच असे नाही.